मुक्यांची शाळा

भूक आमच्या घरात शिरली त्याच्या काही दिवस आधी खालचे लूम थांबले. भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या यंत्रमागांच्या एका लाईनीत, कारखान्याच्या डोक्यावर बांधलेल्या माळ्यावर आम्ही राहायचो. खाली लूम, वर आम्ही. लूम चालू असले की मांडणीवरची भांडी आपोआप पुढे सरकायची, पिंपातल्या पाण्याला बारीक सुरकुत्या पडायच्या आणि आई येता-जाता पेले मागे ढकलायची, माश्या हाकलाव्यात तशी, न बघता. त्याला आम्ही आवाज म्हणत नव्हतो. मशिनी चालू आहेत म्हणजे बाबांची आठवड्याची खर्ची, पगारातली उचल, येणार, एवढाच त्याचा अर्थ. करोनाची बंदी लागली त्या दिवशी बाबा रात्रपाळी करून दुपारचे झोपले होते. त्यांचे कान त्याच लूममध्ये गेलेले, त्यामुळे शांतता त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. पण ते दचकून उठले, तळवा फरशीला लावून बसले आणि म्हणाले, "थांबल्या?" फरशी हलायची राहिली होती. आईने मान डोलावली. बाबा तसेच तळवा टेकवून बराच वेळ बसले, तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसे.

आधी भात होता, मग पेज झाली, मग पेजेतलं पाणी वाढत गेलं. वाल संपले. गावाहून आणलेली सुकट आई इतकी जपून काढायची की डब्याचं झाकण उघडल्याचा वासच आम्ही तोंडी लावला म्हणायचा. तरी रोज संध्याकाळी ती दार सताड उघडं टाकून तव्यावर दोन लसणाच्या पाकळ्या ठेचून परतायची. फोडणी घालायला खाली काही नसायचं. नुसता वास. समोरच्या माळ्यावर रेहाना चाची राहायची, ती त्याच वेळेला कांदा जाळायची. दोघी एकमेकींकडे बघून विचारायच्या, "हो गया खाना?" "हो गया, तुम्हारा?" दोघींना सगळं माहीत होतं. ह्या दोन बायकांचा खोटेपणा मला आजही मान्य आहे. बाकीच्यांचा मी पुढे सांगते.

पहिला आला तो वॉर्डातला दादा. त्याला नगरसेवक व्हायचं होतं आणि अजूनही व्हायचंच आहे. दादाने पिशव्या वाटल्या. पिशवीत तांदूळ थोडा होता, पण पिशवीवर दादाचा फोटो भरपूर होता. एकेकाला टेम्पोपुढे उभं करून, पिशवी एका बाजूने त्याने आणि दुसऱ्या बाजूने आपण धरायची, आणि त्याचा माणूस "स्माईल" म्हणेपर्यंत सोडायची नाही. उपाशी माणसाला हस म्हणणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तांदूळ आठवडाभरात संपला. पिशवी चांगली निघाली, आईने त्या पिशवीने वर्षभर मोरी पुसली. दादाचा चेहरा शेवटपर्यंत हसत होता.

आमचं गाव अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांच्या अंगाला आहे. तिथून काकाचा फोन यायचा. "काय ठेवलंय तिथं, या निघून. कुंडं उघडली का लॉजवाल्यांना मानसं लागतीलच. चादरी धुवायला पोरीला बी लावू." पोरगी म्हणजे मी. बारावीचा शेवटचा पेपर देऊन मी घरी आले होते आणि त्यानंतर जग बंद झालं होतं. आमच्या घराण्यात नववीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, मी बारावी दिली होती आणि मला कॉलेजात जायचं होतं. ह्यापलीकडे मला दुसरं काही नको होतं, आणि हे मी तेव्हा रोज एकदा तरी बोलून दाखवायचे, कारण न बोललेली गोष्ट आमच्यात धुतल्या चादरीखाली जाते. गावाला गेलो असतो तर कॉलेज संपलं असतं, सुरू व्हायच्या आधीच. आईला हे ठाऊक होतं. ती काकाला फोनवर म्हणायची, "बघतू, भावजी. पंधरा दिस बघतू." असे पंधरा दिवस तिने किती वेळा मागून घेतले ते तिलाच माहीत.

(एका शिकलेल्या बाईंनी मला सांगितलं, आत्मचरित्र लिहायला केस पांढरे व्हावे लागतात. आमच्या लाईनीत येऊन बघा म्हटलं. कांडीवर सूत भरायला बसलेल्या पोरीचे केस संध्याकाळी कापसाने पांढरेच असतात.)

मग लूम सुरू झाले. आधी निम्मे, मग सगळे, आणि राहिलेली कसर भरून काढायला असे सुरू झाले की जेवायला सुद्धा थांबेनात. खर्ची आली, पण अर्धी. निम्मी माणसं मुलुखाला, यूपी-बिहारला, चालत गेलेली, आणि कारखान्याचा सेठ प्रत्येक गोष्टीला "नुकसान हुआ है" म्हणायला शिकला होता. लूम सुरू झाले, शाळा मात्र बंदच राहिली. शाळेने मोबाईलवर एक ग्रुप काढला. त्यावर मुख्याध्यापक रोज सकाळी उगवता सूर्य पाठवायचे, खाली एक सुविचार आणि त्याखाली एक लिंक. माझी धाकटी बहीण पिंकी तेव्हा सातवीत होती. तिला एकदा गृहपाठ आला: 'आपल्या घराभोवतीच्या बागेतील पक्ष्यांचे निरीक्षण करा व आईच्या मदतीने एक पदार्थ बनवा.' पिंकीने माझ्याकडे बघितलं. मी तिला गॅलरीतून खालचं गटार दाखवलं. तिने बदक काढलं.

त्या काळाबद्दल आता लोक सभांमधून बोलतात. परवा एक गृहस्थ तासभर बोलले, गोरगरिबांकडे फोन नव्हते म्हणून शिक्षण थांबलं. हे गृहस्थ आमच्या लाईनीत आले असते तर त्यांना बसायला पाट दिला असता आणि सांगितलं असतं की बाबा रे, फोन होते. घरटी एक नसेल, पण होते, कारण मुलुखाला फोन केल्याशिवाय आमच्या शेजाऱ्यांना भात गिळवत नाही. फोन होते, ऐकू येत नव्हतं. आधी मुलं सकाळची शाळेत जायची तेव्हा चार-पाच तास तरी मशिनींपासून लांब असायची. आता चोवीस तास त्यांच्यावर आणि त्यांच्यामध्ये. फोन कानाला लावला तरी बाईंचे फक्त ओठ दिसायचे आणि तेही नंतर दिसेनात, कारण बाईंनी चेहरा बंद करून फळा लावला.

ओठ दिसत होते तोवर मुलांचं चाललं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. लूमवरची माणसं तोंडाने बोलतात, आवाजाने नाही. चार लूमांच्या पलीकडचा माणूस "तागा तुटला" म्हणतो तो ओठ मोठे करून, बोटांनी दोरा तोडल्याचं दाखवून, आणि ह्या टोकाचा माणूस मान हलवतो. शिव्या, निरोप, लग्नाच्या बोलण्या, सगळं असंच. घरी आल्यावरही सवय जात नाही. बाबा तर घरात आवाज लावायचेच नाहीत, आणि लावला तर तो लाईनीच्या तोंडाला ऐकू जायचा. आम्ही मुलं हे शिकलो असं म्हणता येणार नाही. कुणी चालायला शिकल्याची आठवण सांगतं का? नाक्यावरच्या बायकांची भांडणं लांबून बघून आम्ही कोण कुणाला काय बोललं ते घरी येऊन सांगायचो.

तर एका सकाळी पिंकीला अपूर्णांक येईनात. मी गॅलरीच्या ह्या टोकाला कपडे वाळत घालत होते, ती त्या टोकाला. हातातली चादर मधोमध दुमडून मी तोंडाने म्हटलं, हे अर्धं. परत दुमडली, हे पाव. समोरच्या माळ्यावर नूरी बसली होती, रेहाना चाचीची धाकटी, दुसरीतली. तिने आपल्या फ्रॉकचा घेर दुमडला आणि तोंडाने विचारलं, "और इसका?" मी वर एक बोट दाखवलं, हवेत भागाची रेघ मारली आणि खाली दोन बोटं दाखवली. तिसऱ्या दिवशी खालच्या खोल्यांच्या ओट्यांवर पोरं बसलेली. मी वर गॅलरीत, तोंड उघडं ठेवून, कारण तोंड झाकलं तर शाळाच बंद. पोरं आपापल्या उंबऱ्यावर, लांब लांब. पाढे, स्पेलिंग, बेरीज, जोडाक्षरं. लूम खडखडत असायचे आणि आम्ही बोलत असायचो. अंतर ठेवा म्हणून ज्या पोलिसाला दांडकं घेऊन फिरावं लागायचं तो आमच्या लाईनीत आला, उभा राहिला, त्याला मारण्यासारखं काही सापडलं नाही आणि तो गेला.

मी काही फुकट शिकवत नव्हते, ते सांगून टाकते. बायका वरच्या दोरीला पिशवी अडकवायच्या. कुणी दोन भाकऱ्या, कुणी बटाटे, ज्यांचं कुणी खाडीवर जायचं त्यांच्याकडून निवट्या मासळी. रेहाना चाची ईदची शेवई ठेवून गेली. आईने लसूण नुसता जाळायचं बंद केलं, आता त्याखाली भाजी असायची. काकाचा फोन आला की ती म्हणायची, "आमचं पोर शाळा चालवतंय, भावजी. निघता येत न्हाय." शाळा हा शब्द ती अशी बोलायची जशी ती इमारत होती. बारावीचा निकाल लागला, मी चांगली पास झाले, आणि प्रवेशाचे दिवस जवळ आले. खर्ची तशीच अर्धी होती. पिशवीतल्या भाकरीने कॉलेजात प्रवेश मिळत नाही.

आणि अशा वेळी मॅडम आल्या.

त्या ठाण्याकडच्या कुठल्याशा ट्रस्टच्या होत्या. त्यांचा एक टेम्पो होता, त्यावर दोन भोंगे आणि 'ज्ञानगंगा तुमच्या दारी' असं लिहिलेलं कापड. भोंग्यातून धडे वाजणार आणि मुलं ऐकणार, अशी ही गंगा. गावांमध्ये झाडाखाली हे कदाचित चाललंही असेल. पण ही गंगा त्यांनी भिवंडीच्या लूमच्या लाईनीत आणली होती. टेम्पो उभा राहिला, भोंगे सुरू झाले, ड्रायव्हरच्या तोंडावरून कळलं की आवाज पूर्ण सोडलाय. आम्हाला कारखान्याच्या आवाजात कुठेतरी एक डास असल्यासारखं वाटलं. मॅडम कानावर हात ठेवून इकडे तिकडे बघायला लागल्या आणि तेव्हा त्यांना आम्ही दिसलो. वर एक पोरगी ओठ हलवते, बोटं नाचवते. खाली उंबऱ्या-उंबऱ्यावर मुलं तसेच ओठ हलवतात, तशीच बोटं नाचवतात. तोंडातून आवाज नाही.

मॅडमच्या डोळ्यांना धार लागली. मी खोटं सांगत नाही, मास्क भिजला.

मला त्यांनी नाक्यापर्यंत चालवत नेलं, जिथे बोललेलं ऐकू येईल. "किती वर्षं करते आहेस हे काम? साइन लँग्वेज कुठे शिकलीस?"

मी म्हटलं, "मॅडम, ती मुलं मुकी नाहीत. बोलतात. इथे ऐकू येत नाही म्हणून आम्ही असं बोलतो."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मग अंतराची आठवण होऊन काढला. "बरोबर आहे तुझं. आपण मुकी म्हणायचंच नाही. आम्हीही विशेष मुलं म्हणतो."

"विशेष नाहीत हो. साधी आहेत. नूरीचं तोंड तर दिवसभर बंद नसतं."

"त्यांच्या त्यांच्या भाषेत ती बोलतातच," मॅडम म्हणाल्या. "किती सुंदर मांडलंस."

शिकलेल्या माणसाला एखादी गोष्ट कळून घ्यायची नसेल तर त्याच्याइतकं ठार बहिरं कुणी नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं आणि नंतर कॉलेजात पुष्कळदा पाहिलं. मी शेवटचा प्रयत्न म्हणून सांगितलं, "बहिरे झालेत ते ह्यांचे बाप. माझे बाबा आहेत. अख्खी लाईन आहे. त्यांच्यासाठी काही करता येईल का?"

मॅडमनी खरोखर वाईट वाटून मान हलवली. "आमचा प्रकल्प चौदा वर्षांखालच्यांसाठी आहे गं."

दोन दिवसांनी दादा आला. ट्रस्ट मुलांना टॅब वाटणार होता, धडे भरलेले. कार्यक्रम आमच्या लाईनीत, पेपरवाले येणार. आणि मला, म्हणजे मुक्यांच्या शिक्षिकेला, कॉलेजचा पूर्ण प्रवेश, तिन्ही वर्षांचा, ट्रस्टकडून. स्टेजवर जाहीर करणार. "तू फक्त दोन शब्द बोल," दादा म्हणाला. "म्हणजे बोलू नको. हातानेच कर. चांगलं दिसतं."

"दादा, मुलं बोलतात हे तुला माहीत आहे. नूरीने परवा तुला 'मोटू' म्हटलं."

"एक दिवस नको बोलू म्हणावं. कोणाचं काय जातंय? टॅब भेटतो, तुला कॉलेज भेटतं. तू कशाला नडतेस?"

आई चुलीपाशी नव्हती, आमच्याकडे स्टोव्ह होता, पण ती त्याच्याशी चुलीसारखी बोलायची. त्याच्याकडे बघून म्हणाली, "बरूबर बोलतोय त्यो. तुजं शिकनं व्हतंय ना. आपुन काय कुनाचं चोरलं न्हाय. त्यांनला मुकी दिसली तं दिसली." आणि मग, "मी पन दोन म्हयने लसनीचा वासच वाढला की."

बाबा आमचे ओठ बघत होते. त्यांना सगळं समजलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघून ओठ नुसते हलवले: तुला काय वाटतंय? मला तेव्हा वाटत होतं की हे सगळे लोक खाली उभे आहेत आणि मी वर गॅलरीत, आणि त्यांच्या डोक्यावर पाणी ओतावं. पण प्रवेशाच्या पहिल्या फेरीची शेवटची तारीख कार्यक्रमाच्याच दिवशी होती. मी दादाला सांगितलं, मी वर उभी राहीन. खोटं बोलणार नाही आणि मुलांना गप्प बसायला सांगणार नाही. तो हसला. "कोण ऐकतंय इथं?"

कार्यक्रमाच्या दिवशी दादाने सेठला तासभर लूम बंद ठेवायला सांगितलं होतं. सेठ म्हणाला, "नुकसान होगा," आणि लूम चालूच राहिले. स्टेज म्हणजे टेम्पोच होता. मुलांना आपापल्या उंबऱ्यावर बसवून प्रत्येकाच्या हातात टॅब दिला गेला. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या. बाबा आणि दोघं-तिघं पाळीवरून थेट आले होते, डोक्यावर कापूस तसाच. मुलं टॅबवर बोट फिरवत होती, एकाने तर त्याला ओवाळणीतल्या पैशासारखं कपाळाला लावलं. दादाने मास्क खाली ओढून भाषण केलं. कुणाला एक शब्द ऐकू आला नाही, तरी आमच्या लोकांनी ते पूर्ण वाचलं आणि त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं. मॅडमनी हाताने मला खाली बोलावलं, मी नमस्कार केला. फोटोवाल्याने मॅडमना मास्क काढायला सांगितलं. त्यांनी काढला.

मग मॅडमना ड्रायव्हरला काहीतरी सांगायचं होतं. ड्रायव्हर टेम्पोच्या पलीकडे, खोकी घेऊन उभा. त्यांनी सांगितलं, त्याला ऐकू गेलं नाही. परत सांगितलं, तरी नाही. तेव्हा ती शिकलेली बाई पहिल्यांदा आमच्यासारखी बोलली. ओठ मोठे केले, एकेक शब्द तोडला, हातातला टॅब दाखवला, मग हाताने ओढून घेतल्याची खूण केली, मग रस्त्याकडे, हायवेकडे बोट: फोटो के बाद... सब टॅब... वापस लेना. कल... पडघा में... प्रोग्राम है.

अख्ख्या लाईनीने वाचलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चेहरे बदलत गेले. मी बाबांकडे बघितलं, बाबा आईकडे बघत होते, आई आपल्या ठेवणीतल्या साडीकडे. मॅडम मास्क वर ओढून पुन्हा डोळ्यांनी हसायला लागल्या होत्या. त्यांना वाटलं, कोण ऐकतंय.

नूरी उठली. टॅब दोन्ही हातात धरून टेम्पोपाशी चालत आली, मॅडमच्या साडीचा काठ ओढला आणि तिच्या त्या चिरक्या आवाजात, जो लूमच्या वरून जातो आणि ज्याला तिची आई रोज कंटाळते, म्हणाली, "वापस लेना है तो देते काय को? पडघा वालों को ही दे दो ना."

मॅडम दोन पावलं मागे सरकल्या, मास्क पुन्हा खाली ओढला. "ही बोलते?"

मग सगळीच बोलली. कुणी मला विचारलं नाही. एक म्हणाला, माझ्या टॅबमधे काहीच नाही, चालूच होत नाही. एकीने विचारलं, मोटू दादाला पण एक दिला काय. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला, तो बिचारा मुक्यांचे फोटो काढायला आला होता. दादाचे ओठ हलले ते मी इथे लिहीत नाही.

मॅडम माझ्याकडे वळल्या. मला नाक्यावर नेण्याइतका वेळ आता त्यांना नव्हता, त्या तिथेच ओरडल्या आणि मी ओठ वाचले. "तुम्ही आमची फसवणूक केलीत."

मी तोंडाने, सावकाश, त्यांना कळेल असं सांगितलं, "दोनदा सांगितलं होतं तुम्हाला." त्यांना कळलं नाही. त्यांच्याकडे ती भाषा नव्हती.

बाबा पुढे आले. बाबांनी आवाज लावला. तो आवाज मी आयुष्यात फार कमी वेळा ऐकलाय, कारण तो किती मोठा आहे ह्याचा त्यांना स्वतःला अंदाज नसतो. "पोरं मुकी न्हाईत, बाई. भयरा मी हाय. मला देता का कायतरी?" बाबांनी उत्तराची वाट बघितली, मग म्हणाले, "न्हाय ना? मंग ऱ्हाऊ द्या."

ड्रायव्हर खोकं घेऊन उंबऱ्यांकडे यायला लागला तेव्हा मी ते त्याच्या हातातून घेतलं. पोरांच्या हातून कुणी काही काढून घेतलेलं मला बघायचं नव्हतं. मी एकेकाकडे गेले, टॅब मागितला, पोरांनी दिले. एकीच्या आजीने पदराखाली धरला होता, ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना गो एक." तिच्याकडून घेताना मात्र माझा जीव तुटला. खोकं भरून मी टेम्पोत ठेवलं. कॉलेजचं कुणी काही जाहीर केलं नाही. त्या टेम्पोत माझंही एक खोकं गेलं.

दुसऱ्या दिवशी दोरीला एकही पिशवी नव्हती. खालून एक बाई वर बघून ओठांनी म्हणाली, तुझ्या त्या शहाणपणाने आमच्या पोराचा टॅब गेला. मी म्हटलं, तो तुझ्या पोराचा नव्हताच. तिने पाठ फिरवली. बायकांना खरं माहीत होतं, त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं, तरी राग माझ्यावर. मॅडमवर काढायला मॅडम कुठे सापडणार होत्या? त्या पडघ्याला होत्या. दादा आमच्या लाईनीत यायचा बंद झाला, तेवढा फायदा. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी काकाचा फोन आला तेव्हा तिने पुन्हा पंधरा दिवस मागितले.

आणि मग रेहाना चाची आली. ती खालच्या कारखान्यात कांड्या भरायची, दोन पाळ्या. चाची उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "दोपहर की मेरी कांडी तू भर. महीने का पगार तेरा. मेहता को मैं बोलती."

आई म्हणाली, "आणि तू काय खाशील?"

"जो अभी खाती." चाचीने नूरीला पुढे ढकललं. "इसको गूंगी बोली वो औरत. अंधी थी क्या? इसका मुंह तो नींद में भी चलता है. सुबह इसको पढ़ा, दोपहर को कांडी भर." मेहता, कारखान्याचा मुनीम, कुरकुरला, म्हणाला बारावी पास पोरगी कांडी भरते म्हणजे दुनिया उलटी झाली. चाचीने त्याला ओठांनी जे सांगितलं त्यानंतर तो माझ्या वाट्याला पुन्हा गेला नाही. पुढच्या आठवड्यात आणखी एका बाईने तिची रविवारची पाळी मला सोडली, तीच, जिने पाठ फिरवली होती. माफी वगैरे काही मागितली नाही. मीही नाही. दोरीला पिशवी दिसली, त्यात भाकरी होती, ती मी घेतली.

प्रवेश मी दुसऱ्या फेरीत घेतला, भिवंडीतल्याच कॉलेजात, केसात कापूस घेऊन. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "आईवडिलांचं शिक्षण?" मी सांगितलं. त्याने वर बघितलं नाही, मला त्याचं काही वाटलं नाही. सकाळी गॅलरी, दुपारी कांडी, मध्ये कॉलेजचे तास, तेही फोनवर आणि तेही मला ओठ वाचूनच कळायचे, ज्या प्राध्यापकांनी तोंड दाखवलं त्यांचे. ज्यांनी नाही दाखवलं त्यांचे विषय मी पुस्तकातून केले आणि ते मला जास्त चांगले गेले.

दीड-दोन वर्षांनी शाळा उघडल्या. आमच्या लाईनीतल्या मुलांपैकी दोघांची शाळा सुटली ती सुटलीच. एक लूमवर गेला, एकीला गावाला नेलं, मी त्यांच्या घरी जाऊन भांडले आणि काही उपयोग झाला नाही. बाकीची सगळी आपापल्या वर्गात जाऊन बसली, आणि त्यांना वाचता येत होतं. पिंकी दहावी झाली. मी बी.ए. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली.